चेहरा कुणाचा, भूमिका कुणाची

चाकणच्या औद्योगिक पट्ट्यातलं निघोजे गाव इंद्रायणीच्या उत्तर तीरावर वसलं आहे. प्रवाहाच्या वरच्या अंगाला देहू, खालच्या अंगाला आळंदी. शिवारात आता महिंद्राचा मोटारींचा कारखाना आहे आणि पाळ्यांच्या बसगाड्या दिवसरात्र धावतात. तरी वारीच्या दिवसांत या काठाचं जुनं नातं पुन्हा वर येतं. इथल्या कुणालाही डोळे मिटून तुकोबा आठवायला सांगा. साधारण एकच चेहरा समोर येईल: कृश, मऊ, किंचित वर लागलेल्या नजरेचा. तो चेहरा विष्णुपंत पागनीस यांचा आहे. सतराव्या शतकातल्या तुकोबांचं छायाचित्र असण्याचा प्रश्नच नव्हता. 'प्रभात' फिल्म कंपनीच्या १९३६ सालच्या 'संत तुकाराम'नं हा चेहरा महाराष्ट्राला दिला, आणि ज्यांनी तो चित्रपट कधी पाहिला नाही त्यांच्याही मनात तो तसबिरींतून, कॅलेंडरांतून जाऊन बसला. पुढं १९४० मध्ये त्याच 'प्रभात'नं आळंदीच्या ज्ञानोबांसाठी शाहू मोडक यांना निवडलं. मोडक अहमदनगरच्या मराठी ख्रिस्ती कुटुंबात जन्मलेले. वारकऱ्यांच्या माउलीचं रूप पडद्यावर त्यांनी धारण केलं आणि लोकांनी ते मनापासून स्वीकारलं.

दोन्ही वेळा काही माणसांनी बसून ठरवलं होतं की ही भूमिका याला द्यायची. या पुस्तकाचा विषय आहे तो हा निर्णय. पटकथा, दिग्दर्शन, संगीत, छायाचित्रण यांवर मराठीत बरंच लिहिलं गेलं. पात्रनिवडीवर फार थोडं. जे आहे ते आत्मचरित्रांच्या कोपऱ्यांत, मुलाखतींच्या ओघात, किस्स्यांच्या रूपात. वास्तविक पाहता चित्रपटातला हा असा निर्णय आहे, की एकदा चित्रीकरण सुरू झालं की तो फिरवणं जवळजवळ अशक्य असतं. संवाद बदलता येतो, प्रसंग कापता येतो, पार्श्वसंगीत नव्यानं करता येतं. चेहरा मात्र राहतो.

सुरुवात दादासाहेब फाळक्यांपासूनच करावी लागते, कारण पात्रनिवडीची सगळी दुखणी त्यांनी पहिल्याच चित्रपटात भोगली. 'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कोरोनेशनमध्ये झळकला. त्याआधी नटांसाठी त्यांनी वर्तमानपत्रांत जाहिराती दिल्या. जे आले त्यांतले बरेचसे कामाचे नव्हते. हरिश्चंद्रासाठी नाटकातले दत्तात्रय दामोदर दाबके मिळाले, पण तारामतीसाठी बाईच मिळेना. कॅमेऱ्यासमोर उभं राहणं प्रतिष्ठेचं नव्हतंच, आणि ज्या स्त्रियांना समाजानं आधीच वाळीत टाकलं होतं त्यांनीही नकार दिला. शेवटी ग्रँट रोडवरच्या एका उपाहारगृहात काम करणारा अण्णा साळुंके हा तरुण फाळक्यांना दिसला. त्याचा नाजूक बांधा आणि हात त्यांच्या नजरेत भरले. महिना दहा रुपये मिळवणाऱ्या साळुंक्यांना पंधरा रुपये कबूल झाले आणि भारतीय चित्रपटाला पहिली नायिका मिळाली. स्त्रीपार्टासाठी मिशी उतरवायची म्हटल्यावर नट बिथरत, कारण मिशी उतरवायची ती घरात सुतक आल्यावर. रोहिदासाची भूमिका फाळक्यांचा मुलगा भालचंद्र यानं केली. पडद्यावर मरणाऱ्या मुलाच्या जागी आपलं मूल उभं करायला कुणी तयार नव्हतं.

आणखी एक गोष्ट चाकणच्या औद्योगिक पट्ट्यातल्या वाचकाला विशेष जवळची वाटेल. कामाला आलेल्या माणसांना फाळक्यांचा सल्ला असे की लोकांनी विचारलं, तर हरिश्चंद्राच्या फॅक्टरीत कामाला आहोत म्हणून सांगा. नट म्हणवून घेण्यापेक्षा कामगार म्हणवून घेण्यात जास्त इभ्रत होती. परेश मोकाशी यांच्या २००९ सालच्या चित्रपटाला नाव मिळालं ते यातूनच.

फाळक्यांना स्त्री कलाकार मिळाल्या त्या त्याच वर्षी, 'मोहिनी भस्मासुर'मध्ये: दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई. साळुंकेही मागे पडले नाहीत. १९१७च्या 'लंकादहन'मध्ये राम आणि सीता दोन्ही तेच होते. १९१९च्या 'कालिया मर्दन'मध्ये बाळकृष्ण झाली ती फाळक्यांची मुलगी मंदाकिनी. पुरुषाची सीता आणि मुलीचा कृष्ण. कुणाला वावगं वाटलं नाही. चेहरा आणि भूमिका यांचं नातं त्या काळी किती सैल होतं, हे यावरून लक्षात येतं. नाटकात पुरुषानं बाई होणं रोजचं होतं, प्रेक्षकाची नजर त्यालाच सरावलेली होती. कॅमेरा जसजसा जवळ येत गेला तसतसं हे नातं घट्ट झालं.

तारामतीचीच भूमिका घेऊन हा बदल मोजता येतो. १९३२ मध्ये 'प्रभात'नं 'अयोध्येचा राजा' हा बोलपट काढला. तीच कथा, तीच राणी. पण आता तारामती होत्या दुर्गा खोटे, मुंबईच्या सुशिक्षित, प्रतिष्ठित घरातल्या. उपाहारगृहातल्या तरुणापासून दुर्गाबाईंपर्यंत अवघी एकोणीस वर्षं. त्या एका निवडीनं किती घरांची दारं उघडली याचा हिशेब करता येणार नाही, पण मराठी चित्रपटातल्या स्त्रीच्या इतिहासात मी ती सर्वांत मोठी घटना मानतो. चित्रपटात काम करणारी बाई कोण असू शकते, याचं उत्तरच त्यामुळं बदललं.

त्याच चित्रपटात हरिश्चंद्र झाले गोविंदराव टेंबे. हार्मोनियमवादक, संगीतकार, रंगभूमीवरचे गायक नट. आवाज आल्याबरोबर निवडीचा निकष गळ्यावर गेला होता. पार्श्वगायन रुळायच्या आधी गाणं म्हणेल तोच पडद्यावर उभा राही. ज्यांचे चेहरे बोलके होते पण गळा नव्हता, अशी किती माणसं त्या काळात दाराबाहेर राहिली असतील! मूकपटात नाव कमावलेल्यांनाही आवाजानं मागे सारलं. या प्रकाराकडं मी एक धडा म्हणून पाहतो: पात्रनिवडीचे निकष कलेनं ठरतात असं आपण समजतो, पण बरेचदा ते यंत्रानं ठरतात.

आता ज्या दोन निवडींपाशी मला थांबायचं आहे, त्या 'प्रभात'नं पाठोपाठ केल्या. १९३५ मध्ये व्ही. शांताराम यांनी 'धर्मात्मा' केला आणि संत एकनाथांच्या भूमिकेसाठी बालगंधर्वांना घेतलं. महाराष्ट्राचा सर्वांत लाडका नट आणि गायक, आणि विषय अस्पृश्यतेविरुद्ध उभ्या राहणाऱ्या संताचा. कागदावर याहून भक्कम निवड शोधून सापडली नसती. तरी ते जमलं नाही. बालगंधर्वांचा चेहरा रिकामा नव्हता. त्यावर भामिनी होती, रुक्मिणी होती, सिंधू होती. एका पिढीचं स्त्रीसौंदर्याचं सगळं स्वप्न त्यावर होतं. एकनाथांच्या वेशात ते पुढं आले तेव्हा लोक त्यांच्यात आपले बालगंधर्व शोधत राहिले. 'प्रभात'शी त्यांचं जुळलेलं नातं लवकरच संपलं, आणि १९३७ मध्ये ते पडद्यावर पुन्हा आले ते मीराबाई होऊन.

पुढच्याच वर्षी, १९३६ मध्ये, दिग्दर्शक दामले-फत्तेलाल यांनी तुकोबांसाठी पागनिसांना घेतलं. पागनीसही एकेकाळी स्त्रीभूमिका करणारे नट. पुढं संगीत शिकवणारे, भजनं गाणारे. म्हणजे जो वारसा बालगंधर्वांच्या आड आला, तोच पागनिसांकडंही होता. या निवडीबद्दल कंपनीत शंका होत्या, असं चित्रपटाच्या इतिहासात नोंदलेलं आहे, आणि त्या रास्तच होत्या. मग एकाचं का जमलं आणि दुसऱ्याचं का नाही?

माझं उत्तर असं. बालगंधर्वांचं मार्दव नाटकातून आलेलं होतं आणि प्रेक्षकाला ते पाठ होतं. पागनिसांचं मार्दव प्रेक्षकानं आधी कुठं साठवून ठेवलेलं नव्हतं. ते थेट तुकोबांचं म्हणून स्वीकारलं गेलं. भांडणाऱ्या बायकोसमोर, जिजाईसमोर, अपराधी होऊन उभं राहणं, ऊस वाटून रिकाम्या हातानं घरी येणं, यांसाठी जो पुरुषीपणाचा अभाव हवा होता तो त्यांच्या देहात मुरलेला होता. त्यात भजनात रमणारा गळा, आणि ज्याच्या डोळ्यांत अभिनयाचे कष्ट दिसत नाहीत असा चेहरा. दामले आणि फत्तेलाल दोघेही बाबूराव पेंटरांच्या तालमीतले, कलादिग्दर्शनाची नजर असलेले. माणसाकडं पाहताना ते आकाराकडं आणि प्रकाशाकडं पाहत असणार, नावाकडं नव्हे. उत्तम नट शोधणं आणि योग्य माणूस शोधणं ही दोन वेगळी कामं आहेत, हे या दोन वर्षांइतकं स्वच्छ दुसरीकडं कुठं दिसत नाही.

आणि जिजाई? ती गौरी नावाच्या अभिनेत्रीनं केली. 'प्रभात'मध्ये साफसफाईच्या कामापासून सुरुवात करून, मग गर्दीतल्या किरकोळ भूमिकांतून ती तिथवर आली होती. शिक्षित, घोटलेल्या अभिनयाचा तिच्यात मागमूस नाही. तिच्या तोंडची भाषा, म्हशीशी बोलण्याची तिची तऱ्हा, देवावर धावून जाणारा तिचा राग पाहिला की वाटतं, ही बाई इंद्रायणीच्या काठावरच्या एखाद्या घरातून तशीच उचलून आणली आहे. १९३७ मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात या चित्रपटाचा गौरव झाला, तेव्हा पागनिसांचं नाव झालं. माझ्या मते चित्रपटाचा अर्धा भार जिजाईनं उचलला आहे. स्वतःच्या आवारात झाडू मारणाऱ्या बाईत जिजाई दिसणं, ही नजर फार थोड्यांना असते.

निवड यशस्वी झाली की तिचा दुसरा त्रास सुरू होतो. पागनिसांना पुढं तुलसीदास आणि नरसी भगत व्हावं लागलं. लोक त्यांच्याकडं संत म्हणूनच पाहू लागले. शाहू मोडकांनी कृष्ण किती वेळा केला! निळू फुले राष्ट्र सेवा दलाच्या मुशीतून, लोकनाट्यातून आले. पुण्याच्या सैनिकी वैद्यकीय महाविद्यालयात ते माळीकाम करत. १९६८ च्या 'एक गाव बारा भानगडी'पासून गावातला बेरकी पुढारी म्हणजे निळूभाऊ हे समीकरण असं पक्कं झालं, की प्रत्यक्षातल्या या सज्जन, ध्येयवादी माणसाला पाहून बायाबापड्या दचकत. चित्रपटवाले त्यांना तीच भूमिका पुन्हा पुन्हा देत राहिले. 'सामना'त जब्बार पटेलांनी त्याच साच्यातला हिंदूराव त्यांना दिला, पण समोर डॉ. श्रीराम लागूंचा मास्तर उभा करून त्या साच्याच्या आतला माणूस बाहेर काढला. ठरलेल्या चेहऱ्याला ठरलेली भूमिका देऊनही नवं काही काढता येतं, ते असं.

उलट्या वाटेची उदाहरणंही आहेत. आचार्य अत्र्यांनी १९५३च्या 'श्यामची आई'साठी वनमालाबाईंना घेतलं. 'सिकंदर'ची देखणी नायिका कोकणातल्या गरीब घरातली आई झाली आणि त्या चित्रपटाला राष्ट्रपतींचं पहिलं सुवर्णपदक मिळालं. पिंपरीच्या संत तुकारामनगरात अत्र्यांच्या नावाचं रंगमंदिर आहे. तिथं पाऊल ठेवताना मला ही निवड हमखास आठवते.

ही सगळी कामं कुणी केली? दिग्दर्शकानं, निर्मात्यानं, कधी कंपनीतल्या एखाद्या जाणत्या माणसानं. स्वतंत्र व्यवसाय म्हणून पात्रनिवड उभी राहिली ती अमेरिकेत, कलाकारांना वर्षानुवर्षांच्या करारांनी बांधून ठेवणाऱ्या स्टुडिओंची पकड सुटल्यावर. न्यूयॉर्कमध्ये मॅरियन डॉहर्टी छोट्या नाट्यगृहांत जाऊन अनोळखी नट हेरत. हॉलिवूडमध्ये लिन स्टॉलमास्टर यांचं नाव १९६८च्या 'द थॉमस क्राउन अफेअर'च्या श्रेयनामावलीत स्वतंत्र पाटीवर आलं. आपल्याकडं अॅटनबरोंच्या 'गांधी'साठी डॉली ठाकोर यांनी भारतीय कलाकारांची जुळवाजुळव केली, आणि कस्तुरबा झालेल्या रोहिणी हट्टंगडी यांना बाफ्टा पुरस्कार मिळाला. 'बँडिट क्वीन'साठी तिग्मांशू धुलिया यांनी हे काम केलं. ऑस्करनं पात्रनिवडीसाठी स्वतंत्र पुरस्कार जाहीर केला तो २०२४ मध्ये, २०२५ पासूनच्या चित्रपटांसाठी. आपल्या राष्ट्रीय पुरस्कारांत अजून त्याला जागा मिळालेली नाही. ती मिळायला हवी, असं मला आग्रहानं म्हणायचं आहे.

प्रत्यक्ष कामाचं स्वरूप बाहेरून वाटतं त्याहून कष्टाचं आहे. आधी पटकथेतून प्रत्येक पात्राचं टिपण निघतं: वय, बोली, देहयष्टी, हातांना कसल्या कामाची सवय आहे. मग शोध. एकांकिका स्पर्धा, कामगार कल्याण मंडळाच्या नाट्यस्पर्धा, पुरुषोत्तम करंडकाच्या तालमी, तमाशाचे फड, शाळांची मैदानं. मग ऑडिशन. समोरचा क्यू देणारा माणूस कसा वाचतो यावर अर्धी ऑडिशन अवलंबून असते, हे अनेकांना ठाऊक नसतं. बोलणारा नट सगळ्यांना दिसतो. जाणता माणूस ऐकणाऱ्या नटाकडं पाहतो. मग लूक टेस्ट. त्यानंतर सर्वांत अवघड काम, जोडण्याचं: हा मुलगा त्या बाईचा मुलगा वाटतो का, हे दोघं भाऊ एका ताटात जेवलेले वाटतात का. एकेकटी उत्तम असलेली माणसं एका घरातली वाटली नाहीत, तर घर उभं राहत नाही.

गेल्या पंधरा वर्षांत मराठी चित्रपटानं या कलेत जे केलं त्याचा मला अभिमान आहे. नागराज मंजुळे यांनी 'फँड्री'साठी सोमनाथ अवघडे हा हलगी वाजवणारा मुलगा आपल्याच करमाळा तालुक्यात शोधला. त्याचा जब्या पाहिल्यावर जाणवतं की इतकी वर्षं हा चेहरा पडद्यावर नव्हता तो केवळ अपघात नव्हता. गोरा रंग, सरळ नाक, पुस्तकी उच्चार यांना आपण नायकाची पात्रता समजत आलो, आणि त्या मोजमापात एका मोठ्या समाजाला आधीच नापास करून ठेवलं. 'सैराट'मध्ये अकलूजची शाळकरी रिंकू राजगुरू आणि कुस्तीच्या मातीतला आकाश ठोसर पुढं आले, आणि ज्या व्यवसायाला ओळखीच्या चेहऱ्याशिवाय पैसे लावायची भीती वाटत होती त्याची ती भीती लोकांनी तिकिटं काढून मोडून काढली. चैतन्य ताम्हाणे यांनी 'कोर्ट'मध्ये लोकशाहीर नारायण कांबळे म्हणून नागपूरच्या चळवळीतले वीरा साथीदार उभे केले. 'द डिसायपल'मध्ये तर शास्त्रीय गायकाची भूमिका आदित्य मोडक या प्रत्यक्ष गायकाला दिली आणि गुरूची अरुण द्रविड यांना. टेंब्यांच्या वेळी गाणारा माणूस घेणं तंत्राची सक्ती होती. इथं ती पूर्ण विचारानं केलेली निवड आहे. रियाजानं बदललेला श्वास आणि मान अभिनयानं आणता येत नाही.

या पार्श्वभूमीवर चाकण-पिंपरीचा पट्टा मला फार महत्त्वाचा वाटतो. पाळी सुटल्यावर निघोजे-महाळुंगेच्या रस्त्यावर विदर्भ, मराठवाडा, खानदेश, बिहार, ओडिशा एकाच थांब्यावर उभे असतात. वऱ्हाडी आणि अहिराणी एकाच खोलीत राहून एक तिसरीच मराठी बोलतात. यंत्रावर काम करणाऱ्या हातांच्या हालचालींना एक शिस्त असते, ती नटाला शिकवायला महिने लागतात. हा महाराष्ट्र पडद्यावर अजून जवळजवळ आलेला नाही. तो आणायचा तर शोध इथं व्हायला हवा. मुंबईतल्या चार खोल्यांत आलेल्या फितींवरून किंवा कुणाचे फॉलोअर किती या आकड्यावरून तो होणार नाही.

मात्र इथल्या मुलामुलींच्या मोबाईलवर ऑडिशनचे जे संदेश फिरतात त्यांतले पुष्कळ फसवे असतात, हे स्पष्ट सांगितलं पाहिजे. नोंदणी, पोर्टफोलिओ, ओळखपत्र या नावाखाली पैसे मागितले जातात. खरी पात्रनिवड करणारा ऑडिशनसाठी पैसे घेत नाही. मुलीला एकटीला हॉटेलच्या खोलीत बोलावणाऱ्याला तर चित्रपटाशी काही कर्तव्य नसतं. या व्यवसायात सत्ता निवडणाऱ्याच्या हाती एकवटते आणि तिचा गैरवापर झाला आहे, होतो आहे. त्यावरचं प्रकरण कुणी वगळू नये अशी विनंती आहे.

शेवटचा मुद्दा निवड झाल्यानंतरचा. 'बायसिकल थीव्हज'साठी पैसे लावायला हॉलिवूडचे सेल्झनिक तयार होते, पण नायक म्हणून त्यांना कॅरी ग्रँट हवा होता. दिग्दर्शक दे सिकांनी रोमच्या ब्रेडा कारखान्यातला कामगार लाम्बेर्तो माज्जोरानी निवडला. १९४८च्या त्या चित्रपटानं जगाचा सिनेमा बदलला. माज्जोरानी कारखान्यात परतला, पुढं तिथली नोकरी गेली, आणि चित्रपटांतही किरकोळ भूमिकांपलीकडं काही मिळालं नाही. कामगारवस्तीत बसून हे वाचताना ते फार लागतं. मंजुळे आपण निवडलेल्या मुलांना पुन्हा पुन्हा सोबत घेतात हे म्हणूनच मला मोलाचं वाटतं. 'पिस्तुल्या'तला सूरज पवार 'फँड्री'त आणि 'सैराट'मध्येही आहे. रिंकू आणि आकाश 'झुंड'मध्ये पुन्हा दिसतात.

लहान मुलांच्या बाबतीत कायद्यानंच काही बंधनं घातली आहेत. २०१७च्या नियमांनुसार बालकलाकाराकडून दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त आणि विश्रांतीशिवाय सलग तीन तासांपेक्षा जास्त काम करून घेता येत नाही, सलग सत्तावीस दिवसांपेक्षा जास्त काम देता येत नाही, जिल्हा दंडाधिकाऱ्यांची परवानगी घ्यावी लागते आणि कमाईतला किमान वीस टक्के भाग मुलाच्या नावानं मुदत ठेवीत टाकावा लागतो. आपल्या मुलाची निवड झाल्याचा फोन आला, तर पालकांनी भूमिका किती मोठी हे विचारायच्या आधी परवानगीचा कागद आणि ठेवीची पावती मागावी.